घरातली हळद

“घरातली आण,” अण्णा म्हणाले. “मॅडमना घरातली दे.”

अक्का दुकान आणि माजघर यांच्या मधल्या उंबऱ्यावर पदराला हात पुशीत उभी होती. माझ्या आईला सगळं गाव अक्का आणि वडिलांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही तसंच म्हणायची. तिनं अण्णांकडे बघितलं, मग काउंटरपलीकडच्या बाईंकडे बघितलं आणि तिला हसू आलं.

“घरातली कशाला? लोकांना देतो तीच द्यावी की,” ती म्हणाली आणि फळीवरचा मोठा पितळी डबा तिनं स्वतः खाली घेतला.

त्या बाई म्हणजे ढवण मॅडम, अन्न खात्याच्या निरीक्षक. वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. खांद्याला कापडी पिशवी, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. लग्नसराई होती आणि वरून हुकूम आला होता, की गावोगावच्या लहान दुकानांतल्या हळद-तिखटाचे नमुने घ्या. आमचं गाव मिरजेच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं. तिथं ‘फूडवाले आलेत’ ही बातमी जीपच्या आधी पोचते. त्या दिवशीही पोचली आणि बाजारपेठेतली शटरं धडाधड खाली आली. कुणाच्या घरी मयत झालं, कुणाला अचानक ताप भरला. अण्णांनीही शटरच्या आकड्याला हात घातला होता, पण अक्का आतून ओरडली होती, “चोरी केलीय का आपण? राहू दे उघडं.” त्यामुळे त्या दिवशी उघडं दुकान आमचं एकच होतं.

अक्काच्या हळदीबद्दल सांगायला हवं. आमचं किराणा दुकान तसं चारचौघांसारखंच, चहा-साखर, डाळी, साबण. पण हळदीसाठी लोक लांबून येत. हळकुंडं अक्का निवडायची, गच्चीवर वाळवायची, मुळ्या खुडून साफ करायची. गावात कुणाच्याही मुलीचं लग्न असलं, की नवरीला लावायची हळद आमच्या दुकानातून जायची आणि ती अक्कानंच आपल्या ओंजळीनं घालायची, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा रिवाज पडून गेला होता. बायका म्हणायच्या, “अक्काच्या हळदीचा रंग आठवडाभर जात न्हाई बघा.” अक्का त्यावर काही बोलायची नाही, पण दिवसभर तिचं पाऊल हलकं पडायचं. अण्णा तिला चिडवायचे, “अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली मालकीणबाई.”

मालकीणबाई ती खरोखरीच होती. परवाना काढताना कुणीतरी अण्णांना सांगितलं होतं, बायकोच्या नावानं काढा, बँकेत बरं पडतं. म्हणून भिंतीवरच्या चौकटीत नाव होतं ‘सौ. निलव्वा विरूपाक्ष शेटे’. त्याला रोज उदबत्ती ओवाळली जायची.

अण्णांकडे काम एकच, वाळलेली हळकुंडं गिरणीत नेऊन दळून आणायचं. ते मात्र ते कुणालाही करू द्यायचे नाहीत. मी मोठी झाल्यावर एकदा म्हटलं, मी जाते, तर म्हणाले, बायकांनी गिरणीत उभं राहायचं नाही. गिरणीतून आले, की आधी देवघरातला तांब्याचा डबा भरायचे. पहिलं दळण देवाचं आणि घरचं, ही त्यांची रीत. आमच्या घरातली आमटी त्याच डब्यातल्या हळदीची असायची. ती थोडी फिकी दिसायची. अण्णा सांगायचे, पहिल्या दळणाला जात्यात राहिलेलं पीठ लागतं. अक्काला वाटायचं, केवढा देवभोळा नवरा आपला.

तर अण्णा ‘घरातली आण’ म्हणाले ते त्या तांब्याच्या डब्यातली. अक्कानं ऐकलं नाही. तिला वाटलं, अधिकारी दारात आली म्हणून नवरा देवाच्या डब्यातली हळद काढायला निघालाय. आणि देवाची हळद सरकारच्या बाटलीत घालायला ती तयार नव्हती.

अण्णांनी पुन्हा जीव तोडून सांगून बघितलं. मॅडम, कंपनीच्या सीलबंद पुड्या आहेत, त्या घ्या. मॅडम म्हणाल्या, पुड्यांचा नमुना कंपनीच्या नावावर जातो, त्यांना सुटी हळद हवी आहे, दुकानदार जी विकतो ती. अण्णा म्हणाले, सुटीचं गिऱ्हाईक आता कुठं राहिलंय. तेवढ्यात अक्कानं डब्याचं झाकण काढलं. त्या रंगानं दुकान उजळल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नमुन्याला साक्षीदार लागतो. बाजारपेठ तर बंद. अशा कागदावर सही करणं म्हणजे शेजाऱ्याच्या मुळावर उठणं, असं आमच्याकडे मानतात. पण शेजारच्या तानूमावशी कासारीण आपण होऊन पायरी चढून आल्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान, म्हणजे दोन फळ्या आणि एक गादी. त्या म्हणाल्या, “अक्काच्या हळदीला साक्षीदार पाहिजे व्हय? आणा इकडं. माझी मंदा उजवली ती हिच्या हळदीवर.” मंदा त्यांची एकुलती एक मुलगी. गेल्याच लग्नसराईत तिचं लग्न झालं होतं आणि आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

मॅडमनी हळद कोरड्या बाटल्यांत भरली, चार भाग केले, दोरा गुंडाळला, लाख वितळवून मोहरा उठवल्या. एका भागावर अक्कानं सवयीनं वरून चिमूटभर हळद टाकायला हात पुढं केला. गिऱ्हाइकाला वजनावर थोडं वर द्यायचंच, ही तिची पद्धत. मॅडमनी तिचा हात हळूच बाजूला केला. म्हणाल्या, “नको, बाई. मोजून घेतलंय तेवढंच.” अक्कानं सही केली, तानूमावशींनी केली. मग अक्कानं त्या पोरसवदा अधिकारीणबाईला हळदीकुंकू लावलं, चहा पाजला. त्या चहाला नको म्हणत होत्या, पण अक्कापुढं कुणाचं चालतंय.

अण्णा तेवढा वेळ तराजूची पारडी पुशीत होते.

माझं लग्न तोंडावर आलं होतं. इचलकरंजीचं घर, माणसं बरी, मुलगा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेबाला. सगळी बोलणी सुरळीत पार पडली होती. एकच गोष्ट त्यांनी मागून घेतली होती. सासूबाईंनी निरोप धाडला होता, की बाकी काही नको, पण हळद अक्कांच्या हातची पाहिजे, नवरदेवालाही तीच लावू. अक्कानं तो निरोप किती जणींना सांगितला असेल त्याला गणती नाही. माझ्या साड्यांपेक्षा तिला त्या हळदीचं कौतुक जास्त होतं. मला थोडा रागही यायचा. लग्न माझं का हळदीचं?

अहवाल यायला वेळ होता. अण्णांची झोप उडाली होती हे मला दिसत होतं. मला वाटलं, मुलगी जाणार म्हणून असेल. बापाचं असं होतंच, असं सगळे म्हणतात, तेव्हा मीही मनातल्या मनात थोडी सुखावले. आपण अण्णांच्या इतक्या लाडक्या आहोत हे लग्नाच्या आधी कळलं तर कुणाला आवडत नाही?

हळद दळायच्या दिवशी सकाळीच बायका जमल्या. जात्याला आंब्याची डहाळी बांधली होती, सुपात पाच हळकुंडं ठेवली होती. विधीपुरतं जात्यावर फिरवायचं आणि बाकीची हळद दुकानातल्या डब्यातली घ्यायची, असंच आमच्याकडे चालायचं. तानूमावशी माझ्या हातात हिरवा चुडा भरत बसल्या होत्या. मंदा भिंतीला टेकून होती, तिला बसायलाही अवघड जात होतं. कुणी ओव्या म्हणत होतं, कुणी माझी टिंगल करत होतं.

अण्णा मागच्या दारानं आले. खांद्यावर पोतं होतं. सकाळपासून ते गावात नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं. त्यांनी पोतं जात्याशेजारी उतरवलं, तोंड सोडलं. आत नुसती हळकुंडं, मातकट, ओबडधोबड, शेतातून उचलून शिजवून वाळवलेली.

“ही दळा,” ते म्हणाले.

अक्का हसली. “येवढी? दुपार होईल की. डबा भरलाय दुकानात.”

“डब्यातली नको. ही दळा. इचलकरंजीला बी हीच धाडा.”

“ही कुठली? बघा तरी, रंग हाय का हिला? लोक काय म्हणतील, स्वतःच्या लेकीला फिकी हळद लावली?”

अक्काला वाटलं, पुरुषमाणूस, लग्नाच्या धांदलीत डोकं फिरलंय. ती दुकानात गेली आणि पितळी डबा कमरेवर घेऊन आली. बायकांनी जागा करून दिली. तिनं झाकण काढलं, कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं आणि ओंजळ डब्यात घातली. तशीच ओंजळ तिनं गावातल्या प्रत्येक नवरीसाठी घातली होती.

अण्णांनी डबा तिच्यापुढून ओढून घेतला. हळद सांडली, जात्यावर, तिच्या लुगड्यावर, जमिनीवर.

“माझ्या पोरीला ही लावायची न्हाई,” ते म्हणाले.

ओव्या थांबल्या. अक्काची ओंजळ तशीच पुढं राहिली, वरपर्यंत भरलेली. ती अण्णांच्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिच्या. मला अजून काही कळलं नव्हतं. मला वाटलं, अण्णांना कुणीतरी काहीतरी सांगितलं असेल, दृष्टबिष्ट, ज्योतिषाचं काहीतरी. पण अक्काला कळलं. तिच्या तोंडावरून एकेक गोष्ट उतरत गेली. गिरणीत बायकांनी जायचं नाही. पहिलं दळण घरचं. ‘घरातली आण, मॅडमना घरातली दे.’

तिच्या पाठोपाठ कळलं ते तानूमावशींना. त्यांच्या हातात माझं मनगट होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. एका हातातला चुडा भरायचा राहिला होता.

“अण्णा,” त्या म्हणाल्या, अगदी हळू. “माझ्या पोरीला लावलीसा की.”

अण्णांनी डब्यावर झाकण दाबलं.

“वर खोकला झाला तवा दुधातनं पाजली मी तिला. पोटुशी हाय ती. तुमच्याच डब्यातली.”

मंदा एकदा आईकडे, एकदा अण्णांकडे बघत राहिली. तानूमावशींनी तिला हात देऊन उठवलं आणि बांगड्यांची पेटी तशीच टाकून दोघी गेल्या. मग बाकीच्या बायका उठल्या. कुणी भांडलं नाही. प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी त्या डब्यातल्या हळदीनं पिवळी झालेली होती, प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात ती हळद होती. जाताना एकीनं चपला घालता घालता म्हटलं, “आपला तो बाब्या,” आणि पुढचं बोललीच नाही.

अक्कानं ओंजळ जमिनीवर रिकामी केली. हात धुतले. मग पदर खोचून जात्यापुढं बसली आणि पोत्यातली हळकुंडं दळायला लागली. मी तिच्या समोर बसून खुंट्याला हात लावला. अण्णा दारात उभे होते.

“कवापासनं?” अक्कानं विचारलं. मान वर न करता.

“बाजारात सगळेच करतात.”

“कवापासनं, विचारलं मी.”

“हिच्या शाळेपासनं,” अण्णा म्हणाले. मग त्यांना कंठ फुटला. म्हणाले, लोकांना रंग लागतो, फिक्या हळदीला गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. कंपनीच्या पुड्या आल्यावर दुकान चाललं असतं का? तुझं नाव झालं ते कशावर झालं? गिरणीवालाच रंगाची पूड देतो, चिमूट टाकली की झालं. आणि शेवटी जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, “पण घरात एक चिमूट येऊ दिली न्हाई मी. कधीच न्हाई. देवाशप्पथ.”

त्यांना ते पुण्य वाटत होतं.

माझं लग्न झालं. चुडा एका हातात पुरा आणि दुसऱ्यात चारदोन, असाच. राहिलेला वाटेत मिरजेत भरला. सासूबाई हळद बघून म्हणाल्या, “ऐकलं होतं तेवढा रंग नाही हो.” मी हसले. काय सांगणार होते?

अहवाल आला तेव्हा मी सासरी होते. नमुना असुरक्षित, भिंतीला द्यायच्या पिवळ्या रंगात असतं ते शिसं त्यात सापडलं. खटला परवान्यावर ज्याचं नाव त्याच्यावर. म्हणजे सौ. निलव्वा विरूपाक्ष शेटे हिच्यावर.

वकिलानं अक्काला समजावून सांगितलं, की गिरणीचं सांगा, नवरा दळून आणायचा हे सांगा, तुम्ही सुटाल. मी इचलकरंजीहून गेले आणि मीही तेच सांगितलं. पाया पडले तिच्या. म्हटलं, तू का भोगतेस? ती म्हणाली, “लोकांनी त्यांच्या हातातनं नेली का? माझ्या ओंजळीतनं नेली.” मला तेव्हा तिचा फार राग आला. अजूनही येतो. पण त्याहून जास्त येतो तो अण्णांचा. कारण अण्णा प्रत्येक तारखेला तिच्यासोबत जायचे, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन, आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ‘केलं ते मी केलं.’ एवढंच. वर्षं गेली, तारखा पडत राहिल्या, ते वाक्य काही त्यांच्या तोंडातून आलं नाही. घरी यायचे, काळजीनं तिला विचारायचे, पाय दुखतात का.

तानूमावशींची साक्ष झाली. नमुना तुमच्यासमोर भरला का? हो. सील तुमच्यासमोर केलं का? हो. ही सही तुमची का? माझी. त्यांनी एकदाही अक्काकडे बघितलं नाही. मंदाचा मुलगा तोवर चांगला मोठा झाला होता, पण बोलायला फार उशिरा लागला होता आणि बोलला तरी अडखळायचा. डॉक्टर म्हणाले, कशामुळंही असू शकतं. ‘कशामुळंही’ या उत्तरावर तानूमावशींचं समाधान झालं नाही आणि मी त्यांच्या जागी असते, तर माझंही झालं नसतं.

निकालाच्या दिवशी अक्काला दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. ऐकायला शाळेतल्या पोराला वर्गाबाहेर उभं करावं, तशी वाटते. ती आरोपीच्या जागी बसली, ठेवणीतलं इरकल नेसून, हात मांडीवर. माणसं येत होती, जात होती, दुसऱ्यांचे खटले चालले होते. कोर्टात कामाला आलेली गावची माणसं तिला बघून मान वळवत होती. संध्याकाळी न्यायाधीश उठले तशी ती उठली. बाहेर अण्णा बाटली घेऊन उभे होते. ती त्यांच्यापुढून गेली आणि नळाला ओंजळ लावून पाणी प्याली.

दुकान कधीच बंद झालं. पितळी डबा मोडीत गेला. परवान्याची चौकट काढली, तिथं भिंतीवर एक चौकोन राहिलाय. अण्णा आता थकले, कानांनी कमी ऐकू येतं. माझ्या सासरी कधी विषय निघाला, तर अजून म्हणतात, काही म्हण, पण बापानं लेकीला वाचवलं, त्याची माया बघ. त्या मायेइतकी दुसऱ्या कुठल्याही गोष्टीची मला लाज वाटत नाही, हे त्यांना कसं सांगू?

गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. दुपारी अक्कानं पानं घेतली. अण्णांच्या ताटात भाकरी, आमटी, भाजी. आमटी पांढरट, तुरीच्या डाळीचा नुसता गोळा पाण्यात सोडावा तशी. भाजीही तशीच. माझ्या लग्नापासून त्या घरात हळद शिजलेली नाही. दर वेळी मी बघते आणि जेवून उठते. या वेळी राहवलं नाही.

म्हटलं, “अक्का, आता पुरे की. किती वर्षं झाली. घाल की चिमूटभर.”

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबून शेकली, काढून अण्णांच्या ताटात टाकली. मग त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“त्यांनाच विचार. कुठली घालू, घरातली का लोकांची?”

अण्णांनी भाकरी कुस्करली आणि त्यावर आमटी ओतून घेतली.